कालचा डिलन आणि आजची मैफल

जेम्स मॅनगोल्ड दिग्दर्शित ‘अ कम्प्लीट अननोन’ हा चित्रपट डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि बॉब डिलन हे नाव एका नव्या पिढीच्या ओठावर आले. टिमोथी शालमे या तरुण अभिनेत्याने रंगविलेला डिलन पाहून अनेकांनी ती गाणी पहिल्यांदाच शोधून ऐकली. ऑस्करच्या आठ नामांकनांनी या कुतूहलात भरच घातली. चित्रपट सुरू होतो १९६१ मध्ये, गिटार घेऊन न्यूयॉर्कला आलेल्या एका अनोळखी पोरापासून, आणि संपतो १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात. पडद्यावरचा डिलन म्हणजे विशी-पंचविशीतला, गळ्यात हार्मोनिका अडकवलेला, व्यवस्थेला जाब विचारणारा. तिकीट काढून प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेलेल्या प्रेक्षकासमोर मात्र येतो तो ऐंशी ओलांडलेला, मंद प्रकाशात पियानोमागे बसलेला, श्रोत्यांशी जवळपास चकार शब्द न बोलणारा गृहस्थ. या दोघांमध्ये साठ वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतरात जवळजवळ चाळीस अल्बम आहेत. ते न ऐकताच सभागृहात शिरणाऱ्याची फसगत होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ही फसगत केवळ कल्पनेतली नाही. २ नोव्हेंबर २०२१ रोजी मिलवॉकी येथून डिलन यांचा ‘रफ अँड राउडी वेज’ दौरा सुरू झाला. २०२४ पर्यंत चालणारा जागतिक दौरा अशी त्याची जाहिरात होती; प्रत्यक्षात कार्यक्रम २०२५ मध्येही सुरूच राहिले. या दौऱ्यात एका कार्यक्रमात साधारण सतरा गाणी असत. त्यातली प्रारंभी आठ आणि लवकरच नऊ गाणी एकाच अल्बममधली, म्हणजे २०२० च्या ‘रफ अँड राउडी वेज’मधली. त्या अल्बममध्ये गाणी आहेतच मुळी दहा. उरलेली आठ-नऊ गाणी जुनी खरी. पण तीही जगाला पाठ असलेली नव्हेत. ज्या गाण्यांमुळे डिलन हे नाव घरोघरी पोहोचले, ती ‘ब्लोइन इन द विंड’, ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिन’, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ या यादीत नव्हती. २०२४ च्या शरदातील युरोपच्या फेरीत ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ आणि ‘डेझोलेशन रो’ यांसारखी काही साठच्या दशकातली गाणी परतली, पण मूळचा कल बदलला नाही. मोबाइल फोन कुलूपबंद पिशवीत ठेवायचे, मोठे पडदे नाहीत, निवेदन नाही. वादकांची ओळख करून दिली तर तेवढेच काय ते बोलणे.

अशा कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्यांचे साहजिकच दोन तट पडतात. एक म्हणतो, एका महान कलावंताच्या उत्तरायुष्यातील सर्वोत्तम निर्मिती त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाली. दुसरा म्हणतो, एवढे पैसे मोजून आलो आणि ओळखीचे एकही गाणे ऐकायला मिळाले नाही. दोघेही एकाच सभागृहात, एकाच रात्री बसलेले असतात. फरक पडतो तो घरी काय ऐकून आले यामुळे. तेव्हा ज्येष्ठ कलावंताच्या कार्यक्रमाला जाण्यापूर्वी त्याचे अल्बम ऐकून जावेत का, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला आहे: तिकीट हा नेमका कशाचा करार असतो? ठरावीक गाणी ऐकवण्याचा, की त्या कलावंताच्या आजच्या अवस्थेला दोन तास सामोरे जाण्याचा?

बहुतेक ज्येष्ठ कलावंतांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला आहे. रोलिंग स्टोन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ हा, तब्बल अठरा वर्षांनंतरचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला आणि २०२४ मध्ये त्याच नावाने अमेरिकेचा दौरा केला. दौऱ्याला नाव नव्या अल्बमचे, पण कार्यक्रमात त्यातली गाणी मोजकीच. बाकी सारा मामला साठ आणि सत्तरच्या दशकातला. पॉल मॅकार्टनी तर या बाबतीत रंगमंचावरूनच थट्टा करतात. बीटल्सचे गाणे सुरू झाले की प्रेक्षागृहात मोबाइलचे तारांगण उजळते आणि नवे गाणे सुरू केले की कृष्णविवर पसरते, अशा आशयाचे त्यांचे बोलणे ठिकठिकाणी छापून आले आहे. थट्टा करून झाल्यावर ते नवी दोन-चार गाणी म्हणतात आणि निमूटपणे ‘हे ज्यूड’कडे वळतात. यात गैर काही नाही. साठ-सत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये ज्या आनंदासाठी लोक आलेले असतात तो सामुदायिक गायनाचा आनंद आहे, आणि त्यासाठी सर्वांना येणारे गाणेच लागते.

त्यात अर्थकारणही आहे. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न आटल्यापासून कलावंतांचा भार प्रत्यक्ष कार्यक्रमांवर आला आणि तिकिटांचे दर चढत गेले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या दौऱ्याची तिकिटे २०२२ मध्ये विक्रीला आली तेव्हा मागणीनुसार दर वाढवण्याच्या पद्धतीमुळे काही तिकिटांचा भाव पाच हजार डॉलरच्या घरात गेला आणि कष्टकऱ्यांचा गायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्प्रिंगस्टीन यांच्या चाहत्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या ‘कोल्डप्ले’च्या कार्यक्रमांसाठी आधीच्या सप्टेंबरमध्ये ऑनलाइन रांगेत लाखो लोक ताटकळले, काळ्या बाजारात तिकिटांना मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर आले होते, रॉजर वॉटर्स २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात; तेव्हा अशा कार्यक्रमांचे अप्रूप होते. आता मुंबई हा जागतिक दौऱ्यांच्या नकाशावरचा नेहमीचा थांबा होऊ पाहत आहे. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन रोझेस’ वाजवून गेले. म्हणजे ज्येष्ठांची मैफल हा यापुढे मुंबई-पुण्याच्या श्रोत्यासाठी केवळ वाचनाचा विषय राहणार नाही. आणि तिकीट जितके महाग, तितकी अनोळखी गाण्याबद्दलची सहनशीलता कमी, हा साधा हिशेब येथेही लागू पडतो.

डिलन यांनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांनी स्टेडियमऐवजी काही हजार आसनांची नाट्यगृहे निवडली. २०२४ चा शेवट लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, तेथे जेमतेम पाच हजार लोक मावतात. अशा सभागृहात शब्द ऐकू येतो, कुजबुजीच्या पट्टीतले गाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. जेथे शब्द ऐकू येतो तेथेच नवे गाणे उभे राहू शकते. अर्थात, ऐकणारा त्यासाठी तयार असेल तर.

तयारी म्हणजे माहिती नव्हे, हे डिलन यांच्याच कारकिर्दीत दोनदा सिद्ध झाले आहे. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एका श्रोत्याने त्यांना ‘ज्यूडास’ म्हणजे विश्वासघातकी म्हणून हाक मारली, ही कथा सर्वश्रुत आहे. लोकगीतांचा गायक विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, हा त्यांचा गुन्हा. या कथेचे नेहमीचे तात्पर्य असे, की श्रोत्यांना धक्का बसला. तारखा पाहिल्या तर हे तात्पर्य टिकत नाही. अर्धी बाजू विजेवरच्या वाद्यांची असलेला ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ मार्च १९६५ मध्ये आला होता, तर ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. शिवाय कार्यक्रमाचा पूर्वार्ध डिलन एकट्याने साध्या गिटारवर सादर करत, विजेची वाद्ये येत ती मध्यंतरानंतर. मँचेस्टरच्या श्रोत्याला काय येणार हे ठाऊक होते. त्याला ते मान्य नव्हते, एवढेच. घरात ध्वनिमुद्रिका होती, पण ती ऐकण्याची तयारी नव्हती.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये डिलन यांनी चौदा कार्यक्रम केले आणि त्यात एकही जुने गाणे म्हटले नाही. नुकताच ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलेला हा गायक केवळ भक्तिगीते गात होता. ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा त्या वळणाचा पहिला अल्बम तीनच महिन्यांपूर्वी आला होता. पण कार्यक्रमातली कितीतरी गाणी पुढे जून १९८० मध्ये आलेल्या ‘सेव्ह्ड’ या अल्बमची होती. म्हणजे श्रोत्याने मनात आणले असते तरी त्याला ती आधी ऐकता आली नसती. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, सभागृहात हुर्यो उडाली. वर्षभराने डिलन त्याच रंगमंचावर परतले ते जुन्या-नव्या गाण्यांची सांगड घालून. विशेष असे, की त्या काळातील ध्वनिमुद्रणे २०१७ मध्ये ‘ट्रबल नो मोअर’ या संचात प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे चांगलेच स्वागत झाले. जे गायन १९७९ मध्ये असह्य वाटले ते अडतीस वर्षांनी उत्कट वाटू लागले. गाणे तेच होते. ऐकणाऱ्याच्या कानाला मध्यंतरी सवड मिळाली होती.

मराठी श्रोत्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. ध्वनिमुद्रिका आणि मैफल यांचे नाते काय असते हे हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला तीन पिढ्यांपासून ठाऊक आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवावा लागे. केसरबाई केरकर यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. ती तबकडी पाठ असलेला रसिक केसरबाईंच्या मैफलीला जाई तेव्हा तीच साडेतीन मिनिटे पुन्हा ऐकायला मिळतील अशी त्याची अपेक्षा नसे. तबकडीने त्याला आवाज ओळखीचा करून दिलेला असे, बंदिशीचे तोंड कळलेले असे, चाल समजलेली असे. आता बाईंना तासभर दिल्यावर त्या काय करतात हे पाहायला तो आलेला असे. बंदिश तीच, मांडणी रोज नवी, हे तत्त्व त्याने गृहीत धरलेले असते. डिलन आपल्या जुन्या गाण्यांकडे नेमक्या याच वृत्तीने पाहतात. चाल बदलते, लय बदलते, शब्दही बदलतात, आणि पहिल्या कडव्याच्या अखेरीस कुठे श्रोत्याला उमगते की हे अमुक गाणे. रॉकच्या श्रोत्याला हा अपराध वाटतो. ख्यालाच्या श्रोत्याला तो वाटू नये. फरक एवढाच, की ख्यालाच्या मैफलीत फर्माईश करण्याची सोय असते आणि बुजुर्ग गायक मनात आले तर ती पुरवतोही. डिलन यांच्या दरबारात अर्जच घेतले जात नाहीत.

या दोन परंपरांची एकदा गाठही पडली होती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमाची सुरुवात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या वादनाने झाली. वाद्ये सुरात लावून होताच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सूर लावणे एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर मिस्कीलपणे म्हणाले. त्याच कार्यक्रमात दीर्घ विश्रांतीनंतर रंगमंचावर आलेल्या डिलन यांनी ‘ब्लोइन इन द विंड’ म्हटले तेव्हा श्रोत्यांना काहीच समजावून सांगावे लागले नाही. तयारी नसलेल्या कानांचा उत्साह आणि तयार कानांची ओळख, दोन्ही एकाच दुपारी पाहायला मिळाली.

आजच्या श्रोत्यापुढची अडचण मात्र निराळी आहे. त्याला गाणी मिळत नाहीत असे नाही, भारंभार मिळतात. पण अल्बम मिळत नाही. स्ट्रीमिंग सेवेवर डिलन हे नाव शोधले की प्रथम समोर येते ती सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या गाण्यांची यादी. ती अर्थातच जुन्या गाण्यांची असते आणि ऐकणाऱ्या प्रत्येकामुळे ती आणखी घट्ट होत जाते. पन्नास वर्षांपूर्वीचा श्रोता दुकानात जाऊन सर्वांत नवी ध्वनिमुद्रिका विकत घेई. आजच्या श्रोत्याला यंत्र सर्वांत जुनी गाणी आधी वाढते. कार्यक्रमाला जाण्यापूर्वी आठवडाभर ही यादी घोकणारा श्रोता मोठ्या कष्टाने चुकीच्या परीक्षेचा अभ्यास करत असतो.

मग योग्य अभ्यासक्रम कोणता? डिलन यांच्यापुरते बोलायचे तर सुरुवात शेवटापासून करावी. ‘रफ अँड राउडी वेज’ १९ जून २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत आला तेव्हा डिलन ७९ वर्षांचे होते. त्यापूर्वी मार्चमध्ये त्यातले ‘मर्डर मोस्ट फाउल’ हे केनेडी हत्येवरचे, जवळजवळ सतरा मिनिटांचे गाणे अचानक प्रसिद्ध झाले आणि बिलबोर्डच्या एखाद्या यादीत डिलन यांच्या स्वतःच्या आवाजातले गाणे पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ ठरली. उरलेली नऊ गाणी पहिल्यांदा ऐकताना संथ, काहीशी एकसुरी वाटतात. चाली उघडपणे उसन्या आहेत. ‘फॉल्स प्रॉफेट’चा सांगाडा बिली एमर्सन यांच्या १९५४ च्या एका ब्लूज गाण्याचा, ‘आय हॅव मेड अप माय माइंड टू गिव्ह मायसेल्फ टू यू’ या गाण्याखाली जाक ऑफेनबाख यांची ‘बार्कारोल’ वाहते, अल्बमचे नावही जिमी रॉजर्स यांच्या १९२९ च्या गाण्यावरून घेतलेले. ‘आय कन्टेन मल्टिट्यूड्स’ हे शब्द वॉल्ट व्हिटमन यांचे. हे वाङ्मयचौर्य की परंपरेशी संवाद, यावर अभ्यासक भांडत राहोत. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की अल्बम जागोजागी दुसऱ्या कोणाची तरी आठवण काढतो. जिमी रीड, सीझरने ओलांडलेली रुबिकॉन नदी, कलादेवतांची माता, फ्लोरिडाच्या टोकावरचे की वेस्ट. वृद्ध माणूस रात्री एकेक नाव उच्चारत बसावा तसा हा ऐवज आहे. तो तिसऱ्या-चौथ्या वेळी उघडतो. आणि तिसरी-चौथी वेळ सभागृहात येत नाही, ती घरीच यावी लागते.

दुसरी पायरी थोडी अनपेक्षित आहे. २०१५ ते २०१७ या काळात डिलन यांनी ‘शॅडोज इन द नाइट’, ‘फॉलन एंजल्स’ आणि तीन तबकड्यांचा ‘ट्रिप्लिकेट’ असे अल्बम काढले. त्यांतली एकूण बावन्न गाणी इतरांनी रचलेली, बहुतेक फ्रँक सिनात्रा यांनी कधीकाळी गायिलेली. चाहत्यांनी तेव्हा कपाळावर हात मारला. २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळालेला कवी दुसऱ्यांचे शब्द का गात बसला आहे, हा प्रश्न रास्तच होता. पण नव्वदच्या दशकापासून घोगरा होत गेलेला आवाज या गाण्यांनी ताळ्यावर आणला, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते. श्वास कोठे घ्यायचा, ओळीचा शेवटचा स्वर कसा सोडायचा, कमी आवाजात शब्द कसा पोहोचवायचा, याचा तो प्रदीर्घ रियाज होता. ‘ब्लॅक रायडर’ किंवा ‘मदर ऑफ म्यूझेस’मधली हलक्या हाताने केलेली शब्दफेक या रियाजाशिवाय शक्य झाली नसती. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी निदान ‘शॅडोज इन द नाइट’ तरी ऐकावा; दहाच गाणी आहेत, पस्तीस मिनिटांत संपतात.

जुन्या गाण्यांचे काय? दौऱ्यात गायिलेली जुनी गाणी ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’, ‘जॉन वेस्ली हार्डिंग’, ‘नॅशव्हिल स्कायलाइन’, ‘स्लो ट्रेन कमिंग’ आणि ‘शॉट ऑफ लव्ह’ अशा अल्बमांमधून वेचलेली आहेत. ते मूळ अल्बम ऐकावेतच. (‘जॉन वेस्ली हार्डिंग’च्या मुखपृष्ठावर डिलन यांच्या दोन बाजूंना बंगालचे पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाउल गायक उभे आहेत, हेही पाहून घ्यावे.) परंतु मूळ अल्बमवर विसंबून सभागृहात गेले तर पुन्हा फसगत ठरलेली, कारण गाण्यांची रूपे पार बदललेली आहेत. १९६९ चे ‘टू बी अलोन विथ यू’ हे हलकेफुलके प्रेमगीत शब्दांसकट नव्याने लिहिले गेले. ‘गॉटा सर्व्ह समबडी’चीही कडवी बदलली. या बदलांची चाहूल ज्यात लागते तो अल्बम म्हणजे ‘शॅडो किंगडम’. टाळेबंदीच्या काळात, जुलै २०२१ मध्ये आधी चित्रफितीच्या रूपाने आलेला आणि २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून निघालेला. त्यात ढोल-ताशा तर दूरच, साधा ड्रमसुद्धा नाही. दौऱ्यातली किमान पाच जुनी गाणी या अल्बममध्ये जवळपास त्याच नव्या वेषात भेटतात. एकच जुना अल्बम ऐकायला सवड असेल तर हाच नवा ‘जुना’ अल्बम ऐकावा.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. एवढे सगळे ऐकून गेल्यावर कार्यक्रमात नवल ते काय उरणार? गाण्यांची यादी आधीच इंटरनेटवर पाहून जाणे आणि रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचणे यात फरक काय? यादीपुरता आक्षेप खरा आहे. कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे येणार हे जाणून घेण्यात श्रोत्याचा लाभ काही नाही, तोटा आहे. अल्बमचे तसे नाही. डिलन यांच्या दौऱ्यात यादी बरीचशी ठरलेली असूनही तीच गाणी महिन्या-महिन्याला वेगळी होत गेली. साडेनऊ मिनिटांच्या ‘की वेस्ट’ची मांडणी तर या दौऱ्यात वारंवार बदलली. हा बदल टिपण्यासाठी मूळ ठाऊक असावे लागते. ज्याला मूळ ठाऊक नाही त्याला नवे रूप नवे वाटतच नाही, ते केवळ अनोळखी वाटते. नवलाईचा आनंद अनभिज्ञाला मिळतो हा समज संगीताच्या बाबतीत तरी उलटा आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक. नोकरी-संसार सांभाळून महिन्यातून एखादा कार्यक्रम पाहणाऱ्या माणसाने पाच-सहा अल्बमांचा गृहपाठ का करावा? तो पैसे मोजतो, कलावंताने त्याचे मन रिझवावे. यातही तथ्य आहे, आणि डिलन यांच्या चाहत्यांमध्ये आढळणारा तुच्छतेचा सूर, म्हणजे ज्याला कळले नाही तो अडाणी, मुळीच समर्थनीय नाही. आयोजकांनीही आपली जबाबदारी ओळखायला हवी. या दौऱ्याच्या जाहिरातीवर अल्बमचे नाव ठळक छापलेले होते, ही गोष्ट प्रामाणिकपणाचीच होती. आपल्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांच्या जाहिरातींत मात्र बहुधा सर्वांत जुन्या गाण्याचे नाव आणि सर्वांत तरुण छायाचित्र झळकते. दोन्ही गोष्टी कार्यक्रमात असतीलच याची खात्री नसते.

शिवाय गृहपाठ केला म्हणून मैफल रंगेलच असे नाही. डिलन यांनी ७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील कॉन्कर्ड येथून जी अखंड भ्रमंती सुरू केली तिच्यात २०१९ अखेरपर्यंत तीन हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. त्यातले सगळेच चांगले होते असे त्यांचे निस्सीम भक्तही म्हणणार नाहीत. काही रात्री शब्द गिळले गेले, काही रात्री गायकाचे मन दुसरीकडेच होते. १९८९ पासून त्यांच्या मागे उभे असलेले बास गिटारवादक टोनी गार्निए यांनी त्यातल्या किती रात्री सावरून नेल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्येष्ठ कलावंताचा कार्यक्रम ही जोखीम असते आणि वयाबरोबर ती वाढते. अल्बम ऐकून गेलेला श्रोताही निराश होऊ शकतो. फक्त आपण कशाने निराश झालो हे त्याला सांगता येते: आवाज लागला नाही, की नवी मांडणी जमली नाही, की वादकांचा मेळ बसला नाही. न ऐकता गेलेल्याजवळ एकच तक्रार असते, ओळखीचे गाणे म्हटले नाही.

नोबेल पुरस्कारानिमित्त जून २०१७ मध्ये दिलेल्या व्याख्यानात डिलन यांनी म्हटले होते, की गाणी कागदावर वाचण्यासाठी नसतात, ती गाण्यासाठी असतात. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या सहाशेहून अधिक गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल या कंपनीला विकून टाकले. पाठोपाठ ध्वनिमुद्रणांचे हक्कही सोनीकडे गेल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. म्हणजे कागदावरची आणि तबकडीवरची गाणी आता त्यांची नाहीत. त्यांच्या हाती उरले आहे ते रोज संध्याकाळी ती नव्याने गाणे.

या दौऱ्याचा शेवट बहुतेक ठिकाणी ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ या गाण्याने होई. ते १९८१ च्या ‘शॉट ऑफ लव्ह’ या, समीक्षकांनी तेव्हा फारसा न वाखाणलेल्या अल्बममधले शेवटचे गाणे. अनेकदा त्यात हार्मोनिका वाजे आणि सभागृहात पहिल्यांदाच त्या चित्रपटातल्या पोराची आठवण जागी होई. ज्यांनी तो अल्बम ऐकलेला असे त्यांना, हे गाणे सुरू झाले म्हणजे कार्यक्रम संपत आला, हे कळत असे. बाकीचे ‘ब्लोइन इन द विंड’साठी टाळ्या वाजवत थांबत. दिवे लागत, दारांशी फोनच्या पिशव्यांची कुलपे उघडण्यासाठी रांग लागलेली असे, आणि डिलन पुन्हा रंगमंचावर येत नसत.